नेत्रगोलामागचे ३ मिलिमीटर

अंतराळवीरांच्या डोळ्यांची आणि गळ्यातील शिरेची अल्ट्रासाऊंड तपासणी, या विषयाला हात घालण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. अल्ट्रासाऊंडने अंतराळवीराच्या डोक्यातील दाब मोजतात, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात तसे होत नाही. हा दाब थेट मोजायचा तर कमरेत सुई टोचावी लागते किंवा कवटीला छिद्र पाडावे लागते, आणि जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, रुग्णासकट सारेच तरंगत असताना, ते करण्यास कोणी धजणार नाही. अल्ट्रासाऊंडने हाती लागते ती दाबाची खूण.

ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे दृष्टीची नस, हा मेंदूचाच पुढे आलेला भाग असल्यामुळे मेंदूवरची आवरणे तिच्याभोवतीही असतात आणि मेंदूभोवतालचा द्रव त्या आवरणांतही खेळत असतो. डोक्यातील दाब वाढला की हे आवरण फुगते. म्हणून मिटलेल्या पापणीवर जेल लावून, प्रोब, म्हणजे अल्ट्रासाऊंड यंत्राचा हातात धरायचा भाग, न दाबता अलगद टेकवून, नेत्रगोलाच्या ३ मिलिमीटर मागे आवरणाची रुंदी मोजतात. ती ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की पृथ्वीवरचे डॉक्टर सावध होऊ लागतात. अंतराळवीरांच्या बाबतीत मात्र या एका आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण काहींचे आवरण मुळातच रुंद असते. त्याच डोळ्याची उड्डाणापूर्वीची आणि मोहिमेतील प्रतिमा शेजारी ठेवल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो.

सहा महिने अंतराळात राहिलेल्या ७ जणांच्या डोळ्यांतील बदलांचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या नसेच्या टोकाला सूज होती, काहींचा नेत्रगोल मागून चपटा झाला होता. दोष अर्थातच वाढलेल्या दाबाला दिला गेला. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंच चढून खाली झेपावणाऱ्या विमानातील काही सेकंदांच्या भारहीनतेत थेट मोजलेल्या नोंदींनुसार तो दाब आडवे झोपलेल्या माणसापेक्षा कमीच भरला, मात्र उभ्या माणसाइतका तो उतरला नाही. पृथ्वीवर आपण दिवसभर उभे-बसलेले असतो, तेव्हा डोक्यातील दाबाला जो उतार मिळतो, तो तिथे महिनोन्‌महिने मिळत नाही. घोटाळा बहुधा इथेच असावा.

डोक्यातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या, गळ्यातील जुग्युलर शिरेची गोष्ट याहून अनपेक्षित आहे. २०१९ च्या एका अभ्यासात तपासलेल्या ११ अंतराळवीरांपैकी ६ जणांच्या या शिरेत रक्त थबकलेले किंवा उलटे वाहताना आढळले आणि एकाच्या शिरेत, कसलाही त्रास जाणवत नसताना, गुठळी सापडली. पुढील तपासण्या त्या अंतराळवीराने स्वतःच्याच गळ्यावर प्रोब धरून केल्या आणि पृथ्वीवरचे तज्ज्ञ पडद्यावर प्रतिमा पाहत त्याला मार्गदर्शन करत राहिले. औषधाने गुठळी लहान होत गेली, तरी त्या शिरेतून रक्त आपोआप वाहू लागले ते तो जमिनीवर परतल्यानंतरच.