परातीतली हिमनदी

[स्वयंपाकघर. तिरकी परात, काकवी]

धुळ्यातलं घर. विटेवर तिरकी टेकवलेली पितळी परात, तिच्यात काकवी. ही हिमनदी.

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या या मुलीनं सेमिनारला विषय घेतलाय, हिमनदीवरची गिर्यारोहकांची विष्ठा. घरी सांगितलं तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, "हाई कसाले व माय?" तिला समजावायला ही परात.

नीट बघा. वरच्या काठाला ज्वारीचा एक दाणा. त्यावर पुन्हा काकवी ओतली, दाणा दिसेनासा झाला. डोंगरावरही असंच. खड्डा खणायचा, उरकायचं, वर बर्फ लोटायचा. रात्रीतून नवा बर्फ पडतो, सकाळी जागासुद्धा ओळखू येत नाही. पण बर्फ एका जागी बसणारा नव्हे. स्वतःच्याच वजनानं तो उताराला लागतो, काकवीसारखा, फक्त फार सावकाश. त्याच्या पोटात दाणाही निघाला. आणि खालच्या काठाला धाकटा भाऊ बोटानं काकवी चाटत बसलाय ना? ते ऊन. वरून भर पडते, खालून ऊन चाटतं, थर पातळ होत जातो...

[दाणा उघडा पडतो]

...आणि हा बघा, आला.

अलास्कातल्या देनालीवर, काहिल्टना हिमनदीवर हाच हिशेब एका पदव्युत्तर विद्यार्थिनीनं मांडला. शिखर ६,१९० मीटरचं, विद्यापीठ अलास्का पॅसिफिक. १९५१ ते २०१२ या काळात तिथं ६९ ते ९७ टन विष्ठा सुटली, असा तिचा आणि तिच्या मार्गदर्शकांचा अंदाज. पुरलेलं वर यायला कमीत कमी ७१ वर्षं. १९५१ मध्ये ७१ मिळवून बघा. वर्षभर पुरलेल्या नमुन्यांतही जिवाणू जिवंत निघाले, आणि कॅम्पवर प्यायचं पाणी बर्फ वितळवूनच होतं. २०१८ पासून तिथं १४,००० फुटांखालची विष्ठा डब्यात भरून खाली आणावी लागते.

[अस्तंभ्याची चढण]

हा सातपुडा, धडगावकडचा अस्तंभा. धनत्रयोदशीच्या यात्रेला या वाटेवर रीघ असते. आमचं शूटिंग एप्रिलातलं, म्हणून वाट मोकळी. इथं बर्फ नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी तिच्या सॅकला घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी बांधलेली आहे.

मागच्या वर्षी तिच्यात कैरीचं लोणचं होतं. आजीला अजून सांगितलेलं नाही.