गालातून मानेपर्यंत

[दृश्य : मेडिकल कॉलेजची सकाळची ओपीडी. बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले काका.]

"काका, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला."

काकांची दोन बोटंही आत जाईनात. पंचवीस वर्षं तंबाखू-चुन्याचा बार ज्या गालात धरला, तो गाल आतून पांढुरका, ताठ झालेला. खाली हिरडीपाशी न भरणारी जखम. सरांचं बोट जबड्याखालून फिरत मानेशी थांबलं. त्यांनी माझा हात धरून तिथं ठेवला. बोराएवढी टणक गाठ.

जखम गालात, गाठ मानेत. मधे चार बोटांचं अंतर. ते अंतर कापायला पेशी मुळात हलते कशी, हे पाहायला मी दोन महिने प्रयोगशाळेत बसले.

एमबीबीएसच्या मुलांना असं छोटं संशोधन करता यावं म्हणून आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) योजना १९७९ पासून आहे. माझा विषय होता, तोंडाच्या कॅन्सरमधलं पेशींचं स्थलांतर. आम्ही बीडकडचे. आमच्याकडं स्थलांतर म्हटलं की दिवाळीच्या सुमाराला कोयता, भांडीकुंडी, लेकरं घेऊन ऊसतोडीला निघालेली गाडी डोळ्यापुढं येते. आजीला विषय सांगितला तर ती म्हणाली, "पेशी बी गाव सोडत्यात व्हय गं?"

सोडतात. आणि कॅन्सरनं होणारे बहुतेक मृत्यू त्या गाव सोडण्यामुळंच होतात.

[दृश्य : इन्क्युबेटरचं दार उघडतं. बशीत गुलाबी द्रव.]

आत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. बशीच्या तळाला पेशींचा एकसलग थर वाढू द्यायचा. मग पिपेटच्या, म्हणजे द्रव ओढायच्या बारीक नळीच्या, टोकानं त्यात सरळ ओरखडा काढायचा आणि काठावरच्या पेशी सरकत ती भेग कशी बुजवतात ते पाहायचं. हात थरथरला की थर सोलून निघतो. माझ्या पहिल्या तीन बश्या तशाच गेल्या. बशीखाली मार्करनं खूण करायची, म्हणजे दर वेळी फोटो त्याच जागेचा येतो. शून्य तास, बारा तास, चोवीस तास. रात्री बाराचा फोटो काढायला मी होस्टेलवरून चालत यायची.

पेशीला पाय नसतात. ती पुढच्या अंगाला पातळ पदर पसरते. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्या पदरात वाढत जातात आणि त्याला पुढं रेटतात. पदर खाली चिकटतो, मागची पकड सुटते, अंग पुढं ओढलं जातं. पुन्हा पदर. अर्धा मिलिमीटर भेग ओलांडायला दिवस-दीड दिवस.

पहिल्यांदा भेग पुरती बुजली तेव्हा मला फार आनंद झाला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोटो पाहून एवढंच विचारलं, "चालून बुजली, की वाढून?"

मी द्रवात सीरम, म्हणजे पेशींना वाढवणारा रक्तातला पातळ भाग, नेहमीइतकंच ठेवलं होतं. सीरम मिळालं की पेशी दुप्पट-चौपट होतात, आणि भेग त्या गर्दीनंही भरते. ते सगळे फोटो बाद झाले. सीरम कमी करून पुन्हा पहिल्यापासून. रडू आलं, पण मला वाटतं त्या दोन महिन्यांत मी खरं शिकले ते त्या प्रश्नातून.

हे चालणं नुसत्या बशीतलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत हाताला काहीच लागत नाही, अशा रुग्णांचा. ज्यांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड), जिथं या पेशी आधी जाऊन बसतात, त्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांतले ६७.५ टक्के. बोटाला गाठ लागायच्या आधीच काही पेशी मानेत पोचलेल्या असतात.

[दृश्य : वॉर्ड. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.]

काकू मला जिन्यात थांबवून विचारतात, "बाई, जखम गालाला हाय. मग मानेला कशाला हात लावायलेत?"

मी मोबाइलवर दोन फोटो दाखवते. शून्य तास. चोवीस तास. काकू पडदा डोळ्याजवळ नेतात. थराच्या काठापासून सुटून भेगेच्या मधोमध आलेल्या एका पेशीवर त्यांचं बोट थांबतं.

"ही निघाली की."

"हो काकू. तिच्याचसाठी."

त्या डब्याची पिशवी उचलतात आणि काकांकडं जातात.