डबा पुढे सरकवा

तो डबा फिरू द्या मंडळी, मी बोलतोय म्हणून थांबवायची गरज नाही. एकेक घ्या आणि शेजारच्याकडे सरकवा, आतला प्रत्येक नग वेगळ्या पाकिटात आहे त्यामुळे कुणाचे हात लागायचा प्रश्न नाही. मागचे काका विचारतायत, हो, अंडं आहे त्यात, वरून स्पंज केक आणि आत केळ्याचं क्रीम, ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी तो दुसरा निळा डबा येतोय, त्यात तांदळाचे खारे कुरकुरीत प्रकार आहेत. पिवळ्या डब्यातल्याचं नाव टोकियो बनाना. आता टोकियोत काही केळी पिकत नाहीत, पण १९९१ साली कुणीतरी हे काढलं आणि आज टोकियोहून परत निघालेला निम्मा एअरपोर्ट ही पिशवी हातात घेऊन उभा असतो. लवकर संपवा बरं का, याची तारीख परवापर्यंतचीच आहे.

मला विषय दिला होता परदेशातलं फास्ट फूड आणि तिथली खरेदी. मी फोनवर विचारलं की ही दोन व्याख्यानं आहेत का एकच, तर संयोजक म्हणाले तुम्ही बघा काय ते. मग मी जपानच घेतलं, कारण तिकडे हा खरोखर एकच विषय आहे. आपण फिरायला गेलो की आठवण म्हणून वस्तू आणतो, ती कपाटात जाते, वर्षभर धूळ खाते आणि पुढच्या साफसफाईत आपणच विचारतो हे कुठनं आणलं होतं. जपानी माणूस खाऊ आणतो. त्याला ओमियागे म्हणतात, लिहिताना माती आणि उत्पादन अशी दोन चिन्हं असतात, म्हणजे त्या मातीत जे होतं ते. आणि तो स्वतःसाठी नसतोच, जे आले नाहीत त्यांच्यासाठी असतो. जुन्या काळी, एदो काळात, इसेच्या देवस्थानाला जायचं म्हणजे पायी आणि खर्चिक काम, सगळ्या गावाला जमायचं नाही, मग निघणाऱ्याच्या हातावर शेजारीपाजारी थोडे पैसे ठेवायचे, आणि हा सगळ्यांच्या वतीने दर्शन घेऊन परत येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणायचा. म्हणजे बघा, ते गिफ्ट नाही, तो एक प्रकारचा हिशोबच आहे, तुम्ही मला पाठवलंत, ही घ्या पोच. आजही ऑफिसातला माणूस दोन दिवस बाहेर जाऊन आला की डिपार्टमेंटमध्ये जेवढी डोकी तेवढे नग असलेला डबा आणून ठेवतो. म्हणून तिथल्या प्रत्येक डब्यावर आत किती नग ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक चव विचारायच्या आधी आकडा बघतं.

बरं, हे सगळं मला पहिल्या ट्रिपला अजिबात माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०१९, मी आणि बायको. मी सगळं खातो, ती पक्की शाकाहारी, आणि दोघांनाही जपानी शून्य.

पहिल्या रात्री उशिरा पोचलो आणि भूक लागली म्हणून कोपऱ्यावरच्या कोनबिनीत शिरलो. कोनबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसु भागात सेव्हन इलेव्हनचं पहिलं दुकान निघालं आणि आता देशभरात अशी पन्नास हजारांच्या वर आहेत. माझ्या मते जपानचं खरं फास्ट फूड हेच, बर्गर नाही. तिथे एक तिकोनी भाताचा गोळा मिळतो, ओनिगिरी, बाहेरून समुद्री शेवाळाचा काळा कागदासारखा पापुद्रा, नोरी. आता गंमत अशी की ओल्या भाताला नोरी लावून ठेवली तर तासाभरात ती लगदा होणार. म्हणून रॅपरमध्येच भात आणि नोरीच्या मध्ये एक प्लास्टिकचा पडदा घातलेला असतो, आणि तो पडदा खाणाऱ्याने शेवटच्या क्षणी ओढून काढायचा. रॅपरवर १, २, ३ असे आकडे छापलेले. १ म्हणजे टोकाची पट्टी धरून खाली मागपर्यंत फाडत न्यायची, रॅपरचे जणू दोन भाग वेगळे झाले, मग २ चा कोपरा धरून एका बाजूला ओढायचा आणि ३ दुसऱ्या बाजूला, पडदा सुर्रकन निघतो आणि नोरी भातावर बसते, करकरीत. मी काय केलं, दमलेला होतो, आकडे न बघता सरळ ३ पासून सुरुवात केली. नोरी प्लास्टिकबरोबर निघून गेली आणि भात माझ्या पॅन्टवर. बायकोने आकडे वाचून तिचा नीट सोडवला आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ला. पुढे आठवडाभर मी ओनिगिरी उघडताना ती मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायची.

काउंटरवर वेगळीच परीक्षा. मुलगी काहीतरी विचारते, आपण हसतो, ती पुन्हा विचारते. मला पुढे कळलं की प्रश्न ठरलेले असतात, गरम करून देऊ का, पिशवी हवी का, आणि इथे बसून खाणार की नेणार. तो शेवटचा प्रश्न त्याच महिन्यात नवा आलेला होता. १ ऑक्टोबर २०१९ ला तिथला विक्री कर ८ वरून १० टक्के झाला, पण खाण्याचं सामान घरी न्यायचं असेल तर ८ च राहिला. म्हणजे तोच भाताचा गोळा, दुकानातल्या स्टुलावर बसून खाल्ला तर १० टक्के आणि दारातून बाहेर नेला तर ८. आम्ही जाऊन पोचलो ते बरोबर या गोंधळाच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, त्यामुळे विचारणारीही गोंधळलेली आणि आम्ही तर काय विचारूच नका.

पण बाहेर नेला तरी खायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. चालत चालत खाणं तिकडे फार चांगलं समजत नाहीत, कामाकुरा शहराने तर २०१९ मध्ये नियमच केला की गर्दीच्या गल्लीत चालताना खाणं टाळा, दंड वगैरे नाही, नुसती विनंती, आणि लोक ती पाळतात. त्यात रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच. आम्ही ओनिगिरीचे रॅपर खिशात घालून दिवसभर फिरायचो, रात्री हॉटेलवर खिसे रिकामे केले की दिवसभर काय काय खाल्लं त्याची यादीच टेबलावर पडायची.

तिकिटाच्या मशीनचं सांगतो आणि पुढे जातो. ग्यूदोन म्हणजे भातावर गोड-खारट रश्शात शिजवलेले बीफचे पातळ काप, तिथल्या कामकरी माणसाचं पोटभरीचं झटपट जेवण. योशिनोया ही त्यातली जुनी साखळी १८९९ मध्ये टोकियोच्या निहोनबाशीच्या मासळी बाजारात सुरू झाली, मासेवाल्यांना वेळ नसायचा म्हणून वाटीत भात आणि त्यावरच सगळं. अमेरिकेत गुरांचा मॅड काऊ रोग सापडला आणि तिथलं मांस यायचं बंद झालं तेव्हा, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यांनी ग्यूदोनच बंद केलं, दुसरीकडचं मांस वापरून तीच चव येत नाही म्हणाले, दोन वर्षांहून जास्त काळ मुख्य पदार्थाशिवाय दुकान चालवलं. हा हट्ट मला फार आवडतो. तर अशाच एका स्टेशनजवळच्या दुकानात, नाव नको, बाहेर मशीन होतं, पैसे घाला, बटण दाबा, चिठ्ठी घ्या, आत द्या. बटणांवर चित्रं नव्हती, मी सगळ्यात स्वस्त दिसलं ते दाबलं आणि ऐटीत जाऊन बसलो. आचाऱ्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली, आणि दोन्ही हातांनी अदबीने माझ्यासमोर एक वाटी ठेवली. वाटीत एक कच्चं अंडं. बाकी काही नाही. ते भातावर घालायचं जादाचं अंडं होतं. मी काय करणार, उठलो, परत मशीनकडे गेलो, आणि सगळी रांग माझ्यासाठी बाजूला झाली.

बायकोचे हाल वेगळे. तिला वाटलं भाज्या दिसतायत, नूडल्स दिसतायत, खाऊया. पण तिकडे बऱ्याचशा रश्शांचा पाया दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाच्या कापांची. दिसायला नितळ पाणी, मासा कुठेही नाही, पण आहे. ती मग गोड पदार्थांवर आली, लाल अझुकी घेवड्याचं गोड पुरण भरलेले प्रकार, ते तिला चालले. आणि गोड पदार्थांची सगळी दुकानं ओमियागेचीच, त्यामुळे आमची खरेदी तिच्या भुकेपायी सुरू झाली हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

वस्तूंची खरेदीही केली हो. टोकियोत कप्पाबाशी म्हणून एक रस्ता आहे, उएनो आणि असाकुसाच्या मध्ये, हॉटेलवाल्यांना भांडीकुंडी पुरवणारा. तिथे खोटं खाणं मिळतं. म्हणजे हॉटेलच्या काचेमागे हुबेहूब पदार्थ मांडलेले असतात ना, ते. पूर्वी मेणाचे करायचे, आता प्लास्टिकचे. मी रामेनचा एक वाडगा हातात घेतला, वर अर्धं उकडलेलं अंडं, पिवळा बलक मधोमध जरासा ओलसर चकाकणारा, रश्शावर तेलाचे बारीक गोल तवंग, आणि चॉपस्टिकने उचललेल्या नूडल्स हवेतच थांबलेल्या. किंमत बघितली तर खऱ्या रामेनच्या कितीतरी पट. बायको म्हणाली, हे मला चालेल, यात मासा नाही. शेवटी एक प्लास्टिकचा कोळंबीचा फ्रिज मॅग्नेट घेतला.

आता मुख्य गोष्ट. ११ ऑक्टोबरला आम्ही नातेवाइकांसाठी सहा डबे घेतले. पासपोर्ट हॉटेलात राहिला म्हणून टॅक्स फ्री झालं नाही, बायको चिडली माझ्यावर, ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हॉटेलवर येऊन डब्यावर तारीख बघतो तर 'एकोणीस, अकरा, शून्य आठ'. मी हादरलो. १९ नोव्हेंबर २००८! अकरा वर्षांपूर्वीची मिठाई! तसाच डबे उचलून दुकानात परत, त्या बिचाऱ्या बाईसमोर बोट आपटून दाखवतोय, शून्य आठ, शून्य आठ. तिने शांतपणे कॅलेंडर काढलं. तिकडे आधी वर्ष लिहितात, मग महिना, मग दिवस. ती ८ नोव्हेंबर २०१९ होती. मी इतक्या वेळा वाकून माफी मागितली की तिनेच मला थांबवलं, आणि वर सहा रिकाम्या कागदी पिशव्या दिल्या, एकेका घरी द्यायला एकेक. न मागता.

दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, हागिबिस वादळ आलं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, रग्बी वर्ल्ड कप चालू होता आणि त्यातल्या मॅच रद्द कराव्या लागल्या. रेल्वेने आदल्या दिवशीच जाहीर केलं की गाड्या बंद ठेवणार, मोठी दुकानं बंद, आणि आम्ही सकाळी उठून आरामात कोनबिनीत गेलो तर ब्रेडचे कप्पे पांढरेफटक, ओनिगिरीच्या जागी नुसत्या किमतीच्या पट्ट्या. दुपारपर्यंत तेही दुकान बंद. खिडकीवर पाऊस असा आपटत होता की कुणी बादलीने मारतंय, फोन मधूनमधून किंचाळून जपानीत इशारे देतोय, संध्याकाळी सहा-साडेसहाला भूकंपाचा हलकासा धक्काही बसला, वादळ आणि भूकंप एकाच दिवशी. त्या वादळाने फार नुकसान केलं, माणसं गेली, त्यामुळे आमच्या भुकेचं कौतुक नको, पण भूक लागली होती हे खरं.

आणि खोलीत सहा डबे.

आधी बायको म्हणाली फक्त एक उघडू, आत्याचा. मग मावशीचा. टॅक्स फ्री घेतले असते तर ते प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत असते आणि देश सोडेपर्यंत ती उघडायची परवानगी नसते, तेव्हा माझ्या विसरभोळेपणाने आम्हाला जेवू घातलं असं मी तिला सुनावलं. रात्री अकरापर्यंत चार घरांचा खाऊ संपला होता. तांदळाचे कुरकुरीत प्रकार जेवण म्हणून, घेवड्याचं पुरण भाजी म्हणून, केक गोड म्हणून, आणि हॉटेलच्या खोलीतला फुकटचा ग्रीन टी. प्रत्येक नगाचं पाकीट वेगळं, पाकिटांचा ढीग पलंगावर, आणि आम्ही हिशोब करतोय कुणाचे किती खाल्ले. दुसऱ्या दिवशी निळंभोर आकाश. आम्ही त्याच दुकानात परत, तीच बाई. तिने आम्हाला ओळखलं आणि माझ्या तोंडाकडे बघून आधी कॅलेंडरच पुढे केलं.

तेव्हापासून मी वस्तू आणणं जवळपास सोडलंय. योकोहामाला कप नूडल्सचं म्युझियम आहे, हे नूडल्स १९७१ मध्ये मोमोफुकु आंदोंनी काढले, तिथे रिकाम्या कपावर स्केचपेनने चित्र काढायचं, सूप आणि वरचं सामान आपण निवडायचं, ५,४६० प्रकार होतात म्हणे, आणि तो कप हवेच्या पिशवीत घालून दोरी लावून गळ्यात अडकवायला देतात. मी माझ्या कपावर बायकोचं चित्र काढलं होतं. तिने तो कप फोडायला नकार दिला, तो अजून कपाटावर आहे आणि त्याची तारीख कधीच गेलीय, म्हणजे माझा सगळा सिद्धांत घरातच पडला.

खरेदीचं एक विचारतात म्हणून सांगून टाकतो, ती सीलबंद पिशवीची पद्धत नोव्हेंबर २०२६ पासून बदलायचं ठरलंय, आधी टॅक्स भरायचा आणि निघताना एअरपोर्टवर परत घ्यायचा, तेव्हा जाण्याआधी बघून घ्या.

अरे हो, निळा डबा ज्यांच्याकडे पोचलाय त्यांना, आत एक छोटी पांढरी पुडी सापडेल, तिच्यावर जपानीत लिहिलंय 'ताबेरारेमासेन', हे खाता येत नाही. ती ओलावा शोषायची पुडी आहे. वादळाच्या रात्री मी साखर समजून चहावर धरून अर्धी फाडली होती, हिने हात धरला. ताई, तुमच्या हातात आहे तीच, ती ठेवा खाली.