रडार पाहतं, पण अंतर राखायचं कोणी?

विमानांच्या आकाशाच्या फेररचनेची चर्चा निघाली की लोक आधी नकाशा काढतात आणि इथून तिथवर कुठला वर्ग असावा, म्हणजे कुठले नियम लागू असावेत, यावर वाद घालू लागतात. मी आज रडारपासून सुरुवात करतो. नकाशावर काढलेली रेघ कागदावरच राहणार की खरंच पाळली जाणार, हे जमिनीवरून काय दिसतं यावर बरंचसं अवलंबून असतं.

प्राथमिक रडार लहरी सोडतं आणि विमानावरून परतलेला प्रतिध्वनी टिपतं. त्यातून विमानाचं अंतर कळतं, दिशा कळते. उंची मात्र कळत नाही. दुय्यम रडार विमानातल्या ट्रान्सपाँडरला (आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला) विचारतं, आणि ट्रान्सपाँडर आपला चार अंकी कोड व उंची कळवतो. हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो ते १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४ हजार फुटांवर होतं. उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजारांची परवानगी होती, पण ते त्याखाली आलं. दिल्लीत तेव्हा फक्त प्राथमिक रडार चालू होतं. नियंत्रकाला पडद्यावर दोन ठिपके जवळ येताना दिसले तरी त्यांच्यामध्ये हजार फूट आहेत की काहीच नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. विमानं हवेतच आदळली, ३४९ माणसं गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका होती, हेही त्यामागचं एक कारण. पुढे दोन्ही गोष्टी बदलल्या.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. फेररचनेचा वाद तिथे अनेक वर्षं अगदी हातघाईवर येऊन चालला आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या धर्तीवर काही विमानतळांभोवतीचं आकाश ‘ई’ वर्गात टाकलं गेलं. या वर्गात उपकरणांच्या नियमांखाली (म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर विसंबून) उडणाऱ्या विमानांना नियंत्रक एकमेकांपासून दूर ठेवतो. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या छोट्या विमानाला मात्र परवानगी लागत नाही. ‘बघा आणि टाळा’ हाच नियम. अमेरिकेत या वर्गाच्या पाठीशी बहुतेक ठिकाणी रडार असतं. टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला ते नव्हतं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला तिथे उतरणारं बोइंग ७३७ एका छोट्या टोबॅगो विमानाच्या जवळ आलं, आणि वैमानिकांना सावध केलं ते विमानातल्याच टक्कर-इशारा यंत्रणेनं. वर्ग आयात झाला, त्याचा आधार मागेच राहिला. वर्षभरात सरकारला काही भागांत माघार घ्यावी लागली.

म्हणून ‘रडार बसवा, प्रश्न मिटेल’ म्हणणाऱ्यांना मी १९ फेब्रुवारी २०२० ची आठवण देतो. ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्यातलं मँगलोर (आपलं मंगळूर नव्हे). प्रशिक्षणाची दोन विमानं, दोन्ही उपकरणांच्या नियमांखाली, ‘जी’ वर्गाच्या म्हणजे अनियंत्रित आकाशात. दोघंही नियंत्रकाला पडद्यावर दिसत होते. त्यानं दोघांना एकमेकांची माहिती दिली, पडद्यावर टकरीचा इशाराही आला. पण त्या वर्गात त्याचं काम माहिती देण्यापुरतं. अंतर राखायचं वैमानिकांनी. विमानं आदळली, चौघे गेले.

लॉन्सेस्टनला नियम होता पण नजर नव्हती. मँगलोरला नजर होती पण नियम नव्हता. माझा आग्रह एवढाच आहे की जिथपर्यंत विमान पडद्यावर भरवशानं दिसतं, तिथपर्यंत निदान उपकरणांच्या नियमांखालच्या विमानांमधलं अंतर राखायची जबाबदारी नियंत्रकाकडे असावी. जिथे दिसत नाही तिथेही ते करता येतं, फक्त वेळ लागतो: एक विमान उतरल्याची खबर येईपर्यंत दुसऱ्याला वर थांबवायचं.

यावर नियंत्रकांचा आक्षेप खरा आहे. जबाबदारी वाढली की एकेकाकडे सांभाळायला दिलेलं क्षेत्र लहान करावं लागेल, म्हणजे माणसं जास्त लागतील. आणि डोंगराआडचं विमान रडारला दिसतच नाही, त्यामुळे खालच्या थरात नजर तुटक असते. या दुसऱ्या अडचणीवर उपाय आता आवाक्यात आहे. एडीएस-बीमध्ये विमान उपग्रहांवरून ठरवलेलं आपलं स्थान स्वतःच प्रक्षेपित करतं, आणि त्याचं जमिनीवरचं केंद्र रडारपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. २९ हजार फूट आणि त्याहून वर उडणाऱ्या विमानांना ऑस्ट्रेलियानं ते डिसेंबर २०१३ पासून सक्तीचं केलं. खालच्या थरातल्या छोट्या विमानांत ते बसवण्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर घोडं अडतं. माझ्या मते तो सरकारनं उचलावा.