बर्फावरचा शिधा: अलास्कातील टार्मिगन

अलास्का पर्वतरांगेत, डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, साधारण 750 ते 1000 मीटर उंचीवर स्प्रूसचे वृक्ष विरळ होत जातात आणि तिथून वर खुरट्या झुडपांचा टुंड्रा प्रदेश सुरू होतो. डिसेंबरच्या अखेरीस इथला दिवस पाच तासांचाही नसतो. बहुतेक पक्षी केव्हाच दक्षिणेकडे गेलेले असतात. टार्मिगन मात्र मागे राहतात. ग्राउस गटातले हे पक्षी आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्याच कुळातले. हिवाळ्यात ते शुभ्र होतात, आणि त्यांच्या रंगाबद्दल पुष्कळ बोलले जाते. ते खातात काय, याकडे त्या मानाने फारसे कुणी पाहत नाही.

इथे त्यांच्या तिन्ही जाती आढळतात. विलो टार्मिगन दऱ्याखोऱ्यांतल्या, ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत वावरतो आणि हिवाळाभर मुख्यतः त्याच झुडपांच्या कळ्या व कोवळ्या काड्या खातो. त्याहून उंचावरच्या, खडकाळ उतारांवर राहणारा रॉक टार्मिगन खुज्या बर्चच्या कळ्या आणि तुरे पसंत करतो. सर्वांत लहान असलेला पांढऱ्या शेपटीचा टार्मिगन उन्हाळ्यात सर्वांत उंच कड्यांवर असतो. अलास्कात त्याच्या हिवाळी आहारात ऑल्डर या झुडपाच्या तुऱ्यांचा वाटा मोठा असतो. ही विभागणी काटेकोर नाही, तरीही एकाच डोंगरावर तिघांचा निभाव लागण्यास तिची मदत होत असावी.

काड्या-कळ्यांत चोथा फार आणि पोषण थोडे, म्हणून खावे लागते भरपूर. अंधार पडण्यापूर्वी पक्षी गळ्याजवळची अन्नपिशवी गच्च भरून घेतो आणि मऊ बर्फात बीळ करून आत बसतो. बाहेरच्या हवेपेक्षा तिथे थंडी बरीच कमी असते. रात्रभर तो साठा हळूहळू पुढे सरकतो. स्नायूंची जाड पेषणी गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने तो दळते आणि दोन लांब अंधनालांत (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद असलेल्या नळ्यांत) राहणारे सूक्ष्मजीव त्यातल्या तंतूंचा काही भाग आंबवून पक्ष्याला ऊर्जा मिळवून देतात.

बर्फाचा परिणाम दुहेरी असतो. बुटकी झुडपे त्याखाली गाडली जातात, पण थर चढत गेला की पिसांनी झाकलेल्या पायांवर चालणाऱ्या या पक्ष्यांची चोच विलोच्या उंच फांद्यांपर्यंत पोहोचते. विलो टार्मिगनच्या माद्या तर बहुधा नरांपेक्षा अधिक खाली, जंगलाच्या कडेपर्यंत उतरतात.

वसंतात बर्फ हटू लागला की मागच्या वर्षीची, हिमाखाली टिकलेली क्रोबेरीसारखी फळे हाती लागतात. मग कोवळी पाने आणि फुले येतात. अंडी घालणाऱ्या मादीला या पौष्टिक अन्नाची नितांत गरज असते. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच स्वतः चरू लागतात, मात्र पहिल्या काही आठवड्यांत वाढीसाठी त्यांना कीटक आणि अळ्या लागतात. अनेक ग्राउस जातींत पिल्लांचा सांभाळ एकटी मादी करते. विलो टार्मिगनचा नर मात्र कुटुंबासोबत राहून राखण करतो, आणि हे खरोखरच विशेष आहे. पुढे बिया, ब्लूबेरी आणि लिंगनबेरी यांचा हंगाम येतो. पहिल्या जाड बर्फाने ती फळे झाकली की मोठी झालेली पिल्लेही कळ्या-काड्यांकडे वळतात.

या चरण्याची खूण झुडपांवरही उमटते: शेंड्याच्या कळ्या वारंवार खुडल्या गेल्याने विलोची उंची खुंटते आणि त्याला खालून दाट फांद्या फुटतात.