स्कूटाकार: खरी ‘ट्विन’ ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी, आधी हा फोटो बघा. टेलिफोन बूथला तीन चाकं लावल्यासारखं दिसतंय ना? ही कार आहे बरं का, नाव स्कूटाकार, आणि बनवली कोणी तर रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्यांनी! इंग्लंडात लीड्सला हन्स्लेट इंजिन कंपनी होती, त्यांनी १९५७ साली हे पिल्लू रस्त्यावर आणलं. किस्सा असा सांगतात की एका डायरेक्टरच्या बायकोला जग्वार पार्क करताना जाम वैताग यायचा, तिला छोटी गाडी हवी होती, मग डिझायनर हेन्री ब्राउन विलियर्स नावाच्या कंपनीच्या इंजिनावर बसला आणि त्याच्याभोवती रेघ मारून घेतली, तोच गाडीचा आकार. खरं-खोटं देव जाणे, पण आत बसलं की पटतं, कारण ड्रायव्हर चक्क स्कूटरवर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसतो, मागे डबलसीट, आणि हातात स्टिअरिंगच्या जागी हँडल. लांबी सव्वासात फूट, उंची पाच फूट.

तिकडे तेव्हा तीनचाकीला टॅक्स कमी आणि मोटरसायकलच्या लायसन्सवर चालायची, म्हणून खपली. पण १९५९ला मिनी आली, चार माणसं बसणारी खरीखुरी कार, मग कोण घेतंय हे?

आता मुद्द्याचं. सगळ्या मिळून साधारण हजारेक बनल्या, पण १९६१ला आलेलं ‘डीलक्स ट्विन’ मॉडेल फक्त वीसेक. साध्या गाडीत १९७ सीसीचं एक सिलिंडर, ट्विनमध्ये दोन, मिळून ३२४ सीसीची, आणि स्पीड ताशी शंभरच्या वर, एवढ्याशा उभट डब्याला! मला तर बघूनच धडकी भरते.

ट्विन शोधायला निघालात तर नुसतं गाडी दिसून भागत नाही, ती ट्विनच म्हणून बाहेर पडली होती का ते बघावं लागतं. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही, म्हणून कुठल्या तरी शेडमध्ये पन्नास वर्षं पडून राहिली तरी टिकते, सडतो तो खालचा पत्रा. इंजिन मात्र बोल्ट काढले की निघतं. ट्विनचं इंजिन मोटरसायकललाही चालायचं, त्यामुळे ते काढून दुसरीकडे गेलेलं असू शकतं, नाहीतर उलटं, साध्या गाडीत बसवून ‘ट्विन आहे हो’ म्हणून पुढे केलेलं. म्हणून विलियर्सच्या इंजिनावर ठोकलेला नंबर बघायचा, त्यातल्या कोडवरून मॉडेल कळतं, ट्विनचं ३टी, साध्याचं ९ई. मग चासी नंबर, मग कागद, आणि तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत.

कागदांची तर वेगळीच गंमत. पूर्वी ब्रिटनमध्ये गाड्यांची नोंद त्या त्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वहीत व्हायची, नंतर सगळं स्वान्सीच्या सरकारी नोंदणी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गेलं, आणि १९८३च्या शेवटापर्यंत ज्यांनी नोंद करून घेतली नाही त्यांचे नंबर सिस्टिममधून गायबच. शेडमध्ये झोपलेल्या गाडीच्या मालकाला कुठलं एवढं भान? आता तो जुना नंबर परत हवा तर व्ही ७६५ नावाचा फॉर्म भरायचा, जुनं लॉगबुक (गाडीचं नोंदणी-पुस्तक) किंवा कौंटीच्या वहीतली नोंद जोडायची, आणि जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबने तपासून सही द्यायची. काही कौंटींच्या वह्या आर्काइव्हमध्ये जपून आहेत, काहींची चक्क रद्दी झाली. गाडी टिकली आणि वही गेली! हे मला जास्त लागतं.

आणि हो, ट्रायल घ्यायला मिळालीच तर एक लक्षात ठेवा. असल्या टू-स्ट्रोक गाड्यांत रिव्हर्ससाठी इंजिन बंद करून उलटं फिरवून चालू करायची युक्ती असायची, म्हणजे जेवढे गिअर पुढे तेवढेच मागे. तेव्हा मागे भिंत आहे का ते आधी बघा.

लीड्सकडच्या मराठी मंडळींनो, कुणाच्या गॅरेजात असं उभट बूथ दिसलं तर सेल्फी नंतर काढा, आधी मालकाला विचारून इंजिनावरचा नंबर वाचा आणि कमेंटमध्ये फक्त एवढंच टाका, ३टी की ९ई.