३३० वॉट जातात कुठे?

[पडद्यावर: भिंतीवरचं सॉकेट. जाड काळी वायर. तिच्या टोकाला विटेएवढा अडॅप्टर.]

महागड्या गेमिंग लॅपटॉपच्या खोक्यात लॅपटॉपखालोखाल जड वस्तू असते ती हा अडॅप्टर. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: २० व्होल्ट, १६.५ अँपिअर. गुणाकार केला की ३३० वॉट. ग्राफिक्स चिपचं, म्हणजे गेमचं चित्र काढणाऱ्या चिपचं, नाव खोक्यावर लांबून वाचता येतं, हा आकडा मात्र डोळे बारीक करून शोधावा लागतो. ती चिप किती पळणार हे बरंचसं या वॉटांवर ठरतं. त्याहून जास्त ठरतं ते आत शिरलेले वॉट बाहेर कसे पडतात यावर. म्हणून आज आपण विजेच्या मागोमाग जाऊ, सॉकेटपासून लॅपटॉपच्या मागच्या जाळीपर्यंत.

आधी नावाचा घोळ. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०९० हे डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड २०२२ मध्ये आलं: १६,३८४ कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग), २४ जीबी मेमरी, ४५० वॉट. पुढच्या वर्षी त्याच नावाने लॅपटॉपची चिप आली: ९,७२८ कोअर, १६ जीबी मेमरी. आतलं सिलिकॉनही निराळं, डेस्कटॉपच्या ४०८० मध्ये असतं ते. अगदी ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणण्याइतकं वाईट नाही, चिप दमदारच आहे. पण खरी मेख पुढे आहे. ही चिप लॅपटॉप बनवणाऱ्याने ८० वॉटवर चालवावी की १५० वर, हे त्याच्यावर सोडलेलं असतं. वरून ‘डायनॅमिक बूस्ट’चे २५ वॉट. म्हणजे एका पातळ लॅपटॉपात ८० वॉट, एका जाडजूड लॅपटॉपात १७५, आणि दोघांवर स्टिकर एकच.

२०२१ मध्ये एनव्हिडियाने कंपन्यांना हा आकडा जाहीर करायला सांगितलं, त्यामुळे तो सापडतो. माहितीपत्रकात ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाखाली पाहा. दुकानात मशिन सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा, तिथे तो लिहिलेला असतो. विकत घेताना आम्ही सगळ्यात आधी हाच आकडा बघू, स्क्रीन किती हर्ट्झची हे नंतर.

[पडद्यावर: अडॅप्टरची पिन लॅपटॉपच्या मागे बसते.]

आता वाटणी. ग्राफिक्स चिपला १७५ वॉट. सोबत कोअर आय९-१३९८०एचएक्ससारखा प्रोसेसर असेल तर त्याची पायाभूत मर्यादा ५५ वॉट, पण थोड्या वेळासाठी तो १५७ पर्यंत उसळू शकतो. एवढ्यातच ३३२ झाले. स्क्रीन, मेमरी, एसएसडी, पंखे अजून रांगेत आहेत. अर्थात गेम चालू असताना दोन्ही चिपा एकाच वेळी शिखरावर क्वचित असतात. डायनॅमिक बूस्टचे २५ वॉट मिळतात तेच मुळी प्रोसेसर कमी काम करत असताना, त्याच्या वाट्यातून काढून. तरीही कधी मागणी अडॅप्टरच्या पुढे गेलीच, तर फरक बॅटरी भरून काढते. चार्जर लावलेला असूनही तासाभराच्या खेळानंतर बॅटरी १०० वरून ९५ टक्क्यांवर दिसते ती यामुळे. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. मात्र मूळ ३३० चा अडॅप्टर घरी ठेवून कुणी २३० वॉटचा लावला, तर बॅटरी सतत उतरत जाते आणि एका पातळीनंतर मशिन वेगच कमी करतं.

अडॅप्टरच्या काही पिनांमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून वीज जात नाही, अडॅप्टर किती वॉटचा आहे ही ओळख जाते. ती सुई वाकली किंवा वायर मानेशी तुटली, तर लॅपटॉप अडॅप्टरला ओळखत नाही. चार्जिंग बंद होतं, प्रोसेसर रांगायला लागतो आणि तुम्ही व्हायरस शोधत बसता. सुरू होताना पडद्यावर अडॅप्टरबद्दल सूचना येते का, ते आधी पाहा.

यूएसबी-सी चार्जरने भागेल का? साधा मोठा चार्जर २० व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉट देतो. २०२१ च्या सुधारित मानकात ४८ व्होल्टपर्यंत जाऊन २४० वॉट शक्य झाले, पण लॅपटॉपनेही ते स्वीकारायला हवेत. १०० वॉटवर ऑफिसचं काम उत्तम होतं, गेम नाही.

आणि नुसत्या बॅटरीवर? विमानात केबिनमध्ये वेगळी परवानगी न घेता नेता येते ती बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंतची. म्हणून मोठ्या लॅपटॉपांवर ९९ किंवा ९९.९ हा आकडा दिसतो. २५० वॉटने उपसली तर ९९ वॉट-तासांची बॅटरी २४ मिनिटांत रिकामी होईल. पण तितक्या वेगाने उपसू दिलीच जात नाही, सेल तापतात आणि त्यांचं आयुष्य घटतं. म्हणून वायर काढली की फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं, धाडकन कोसळतात. सेटिंग कितीही शोधा, त्या परत येत नाहीत.

[पडद्यावर: तळाचं झाकण उघडलेलं. तांब्याच्या नळ्या, दोन पंखे.]

आत गेलेल्या विजेचं पुढे काय होतं? स्क्रीनचा थोडा उजेड आणि स्पीकरचा थोडा आवाज सोडला, तर सगळी उष्णता होते. आणि ती निघते चिमुकल्या जागेतून. ४०९० लॅपटॉपची चिप सुमारे ३७९ चौरस मिलिमीटरची, म्हणजे चार चौरस सेंटिमीटरही नाही. १५० वॉट धरले तर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ४० वॉट. १,००० वॉटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला तर तिथे येतात ५. लॅपटॉपच्या चिपेवर डेस्कटॉपच्या प्रोसेसरसारखं धातूचं झाकणही नसतं. उघड्या सिलिकॉनवर थेट तांबं टेकतं आणि दोघांमध्ये असतो एक पातळ थर. बऱ्याच तक्रारी या थराशीच येऊन थांबतात.

या थरात साधी थर्मल पेस्ट (उष्णता तांब्याकडे नेणारा मलम) लावलेली असेल तर चिप तापते-निवते, किंचित वाकते-सरळ होते, आणि दर फेरीला पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. याला ‘पंप-आउट’ म्हणतात. नवी पेस्ट लावली, महिनाभर छान चाललं आणि मग पुन्हा तापमान चढलं, तर बहुधा हेच झालेलं असतं. लक्षण ओळखणं सोपं आहे. प्रोसेसरचा एखादा कोअर १०० अंशांवर आणि शेजारचे ८५ वर. किंवा ग्राफिक्स चिपचं सरासरी तापमान आणि ‘हॉट स्पॉट’, म्हणजे तिचा सर्वांत तापलेला बिंदू, यांत २५ अंशांहून जास्त फरक. १० ते १५ चा फरक नेहमीचा.

यावरचा आमचा पसंतीचा उपाय म्हणजे हनीवेलची पीटीएम ७९५० ही पट्टी. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपेच्या बारीक खाचांत बसते, निवल्यावर पुन्हा घट्ट होते, त्यामुळे वाहून जात नाही. लावण्याआधी पट्टी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वरचा कागद निघताना तीही फाटते. चिपेच्या मापाने कापा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. हीटसिंकच्या, म्हणजे चिपेवर बसणाऱ्या तांब्याच्या सांगाड्याच्या, स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने आधी सगळे अर्धे आवळा, मग पूर्ण. पहिल्याच मिनिटाला निकाल बघू नका, दोन-तीनदा तापून निवली की पट्टी बसते.

सोबत मेमरी चिपांवरच्या मऊ पॅडची जाडी बदलू नका. मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावलं तर सगळं हीटसिंक उचललं जातं आणि मुख्य चिपेवरचा दाबच जातो. पॅड नवं, तापमान आधीपेक्षा वाईट, अशी कोडी इथूनच तयार होतात.

काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच लिक्विड मेटल येतं: गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा द्रव मिश्रधातू. उष्णता वाहण्यात पेस्ट त्याच्या जवळपासही येत नाही. पण तो वीजही वाहतो, थेंब बाहेर आला तर मदरबोर्ड शॉर्ट होतो. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं. चिपेभोवती फोमची चौकट दिसली की समजा आत हेच आहे, आणि हात आखडता घ्या.

[पडद्यावर: पंखा उचलल्यावर मागे दिसणारा धुळीचा नमदा.]

इथून पुढे उष्णता तांब्याच्या नळ्यांतून जाते. नळी पोकळ असते, आत कमी दाबाखाली थोडं पाणी. चिपेकडच्या टोकाला वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती निवते, आणि नळीच्या आतला सच्छिद्र थर ते पाणी परत ओढतो. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप काही नळ्या वाटून घेतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, सेटिंगकडे वळल्यावर ती कामी येईल.

नळ्यांच्या शेवटी पातळ पात्यांची जाळी आणि तिच्या तोंडाशी पंखा. धूळ साचते ती नेमकी या दोघांच्या मधल्या फटीत, बाहेरून न दिसणारी. केस, कापसाचे तंतू, धूळ मिळून तिथे नमदाच तयार होतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो सुटून पंख्यात येतो, किंवा आणखी घट्ट बसतो. नीट काम असं: मशिन बंद, चार्जर बाहेर, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंख्याचे स्क्रू काढून पंखा उचला आणि नमदा चिमटीने काढा. हवा मारणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने गरगर फिरला तर बेअरिंग खराब होतं, आणि तो उलटा जनित्र बनून बोर्डाकडे व्होल्टेज पाठवू शकतो.

आता थोडं गणित, कारण इथेच आपला उन्हाळा येतो. २५० वॉट उष्णता हवेने न्यायची आणि हवा २० अंशांनीच तापू द्यायची, तर दर सेकंदाला सुमारे ११ लिटर हवा आत-बाहेर करावी लागते. तळाशी जेमतेम काही मिलिमीटरची फट. म्हणून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली की फरक पडतो, आणि गादीवर ठेवला की लॅपटॉप गुदमरतो.

लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपची मर्यादा बहुधा ८७ अंश. खोली २६ अंशांची असेल तर मध्ये ६१ अंशांचं अंतर आहे. चंद्रपूर-अकोल्याला मे महिन्यात दुपारी बंद खोली ४० वर गेली, तर उरतात ४७. उष्णता वाहणं या अंतराच्या प्रमाणात चालतं. तेव्हा २६ च्या खोलीत जी रचना जेमतेम १७५ वॉट पेलते, ती ४० च्या खोलीत १३५ च्या आसपास अडते. बहुतेक माहितीपत्रकांत वापराचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. कूलर असेल तर खोली थंड करायला वापरा, त्याच्या थेट झोतात लॅपटॉप नको. झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात.

[पडद्यावर: तापमान आणि वॉट दाखवणाऱ्या हार्डवेअर इन्फो या प्रोग्रामचे आकडे.]

पण ४० वॉट गेले म्हणून फ्रेम त्या प्रमाणात जात नाहीत. चिपची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग २० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज ०.८ वरून १.० करावं लागलं, तर वीज होते १.२५ चा वर्ग गुणिले १.२, म्हणजे जवळपास १.८८ पट. २० टक्क्यांसाठी ८८ टक्के जादा. शेवटचे वॉट सगळ्यात महाग, हे आमचं आवडतं गाऱ्हाणं आहे. पंख्यांची विमानं उडवून मिळतात चार-पाच फ्रेम.

म्हणून सेटिंग उलट्या दिशेने करा. पहिलं, फ्रेमला लगाम घाला. १६५ हर्ट्झच्या स्क्रीनवर २३० फ्रेम काढण्यात फक्त उष्णता आहे. दुसरं, प्रोसेसरला आवरा. नळ्या सामाईक आहेत, तेव्हा तिथे वाचलेला वॉट ग्राफिक्सच्या कामी येतो. अनेक गेम ४५ ते ६५ वॉटांत निभावतात, त्यापुढे प्रोसेसर नुसता उसळत असतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या ॲपमध्ये ही मर्यादा मिळते. नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, टर्बो (ती उसळी) बंद होतो. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याची सोय मात्र डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यापासून बऱ्याच मशिनांत कुलूपबंद आहे.

ग्राफिक्सचं तसं नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स चिपच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. ८५० मिलिव्होल्टचा बिंदू पकडून १०० मेगाहर्ट्झने वर घ्या, उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट करा आणि लागू करा. अर्धा तास जड गेम खेळा. गेम बंद पडला तर ३० मेगाहर्ट्झ खाली या.

निदान करताना तीन मिनिटांचा बेंचमार्क (वेगाची चाचणी) फसवतो, तांबं तापायलाच तेवढा वेळ जातो. वीस मिनिटांनंतरचे आकडे वाचा. तापमान ८७ ला टेकलंय आणि वॉट घसरताहेत, तर अडचण थंडाव्याची आहे: धूळ, पेस्ट, खोली. तापमान ७० आणि वॉट ८० वरच अडकलेत, तर पेस्ट बदलून काही होणार नाही. मोड ‘सायलेंट’ आहे का, अडॅप्टर मूळचा आहे का, हे बघा. पूर्ण १७५ वॉट बऱ्याच लॅपटॉपांत फक्त सगळ्यात गोंगाटी मोडमध्ये सुटतात.

[पडद्यावर: मागची जाळी. भिंत जवळ. हवेच्या झोताने हलणारा कागद.]

आणि इथे आपले ३३० वॉट बाहेर पडतात. तीन तास अखंड चालले तर एक युनिट वीज, सगळी उष्णता होऊन खोलीत. जाळी भिंतीला टेकलेली असेल तर गरम झोत भिंतीवर आपटतो, टेबलाखालून वळतो आणि तळाच्या फटीतून पुन्हा आत शिरतो. मागे वीतभर जागा सोडा.